नानांच्या वहीतले कोरे ‘साध्य’

पत्राचा सारांश : बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून ५१ वर्षांच्या एका वाचकाने हे पत्र पाठवले आहे. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, ७९ वर्षांचे असून गणित आणि इंग्रजी शिकवून मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले आहेत. आठ महिन्यांपूर्वी पत्रलेखकांच्या आई आठ दिवसांच्या आजारात गेल्या. तेव्हापासून नाना खुनाच्या रहस्यकादंबऱ्यांखेरीज काहीही वाचत नाहीत. वाचनालयातून आठवड्याला दोन-तीन पुस्तके आणतात आणि अगाथा ख्रिस्ती यांची एक इंग्रजी कादंबरी तर त्यांनी तीनदा वाचली आहे. गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरी पारायणाचे व्यासपीठ वर्षानुवर्षे सांभाळणारे नाना यंदा तिकडे फिरकले नाहीत. ‘घरातले माणूस जाऊन वर्ष झाले नाही आणि हे खून वाचत बसतात,’ असे भावकीत बोलले जाते. एका दुपारी नाना झोपलेले असताना पत्रलेखकांनी त्यांची दोनशे पानी वही उघडून पाहिली. प्रत्येक कादंबरीसाठी एक पान होते, त्यावर भूमितीच्या प्रमेयासारखे ‘पक्ष’, ‘साध्य’ आणि ‘सिद्धता’ असे मथळे होते. मात्र एका पानावर आईच्या आजाराच्या तारखा, वेळा, औषधांची नावे आणि घरातल्याच माणसांची नावे होती, आणि ‘साध्य’ या शब्दापुढे काहीच लिहिलेले नव्हते. ते पाहून पत्रलेखक आणि त्यांच्या पत्नी घाबरले आहेत. पुस्तके बंद करावीत का, ग्रंथपालांना सांगून ठेवावे का, की नानांना डॉक्टरांकडे न्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात माझे लक्ष तुमच्यासारखेच पुस्तकांवर आणि वहीवर राहिले. दुसऱ्या वाचनात मात्र सप्ताहाची हकीकत आणि भावकीचे बोलणे यांच्या मधोमध तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याशी मी थांबले. ते असे : ‘आईला नेमके काय झाले ते आम्हा कोणालाच नीट कळले नाही, पण आता त्याचा काथ्याकूट करून काय उपयोग.’ या वाक्याकडे मी येणारच आहे. त्याआधी नाना जे वाचत आहेत ते नेमके काय असते याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण यातले एकही पुस्तक आपण वाचलेले नाही, असे तुम्ही प्रांजळपणे कळवले आहे आणि तुमची निम्मी भीती तिथूनच आली आहे.

मृत्यूविषयी वाचल्याने मन मृत्यूकडे ओढले जाते, हे तुम्ही गृहीत धरले आहे. पण आई गेल्यानंतर तेराव्यापर्यंत घरात गरुडपुराण लावले होते, हेही तुमच्याच पत्रात आहे. त्या पोथीत मरणानंतरच्या वाटेचे, यमलोकाचे आणि यातनांचे जे वर्णन आहे, त्याच्या शेजारी कोणतीही रहस्यकादंबरी ठेवली तर ती सौम्यच वाटेल, आणि तरीही दुःखातल्या माणसांनी ते ऐकू नये असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. मृत्यू घडलेल्या घराला मृत्यूविषयीच ऐकावेसे वाटते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. त्यामुळे भावकीचा आक्षेप विषयाला नसून पुस्तकाच्या मुखपृष्ठाला आहे, असे मला वाटते. मुखपृष्ठावर सुरा आणि रक्ताचा थेंब नसता, तर नाना काय वाचतात याकडे कोणाचे लक्षही गेले नसते.

आता त्या मुखपृष्ठाच्या आत काय असते ते पाहू. अभिजात म्हणाव्यात अशा रहस्यकादंबऱ्यांमध्ये खून बहुधा वाचकाच्या डोळ्यांआड होतो आणि पान-दोन पानांत आटोपतो. उरलेली दोनशे पाने चौकशीची असतात. एका घरात एक माणूस मेलेले आहे आणि त्यासाठी सगळे घर थांबले आहे. पाहुणे, नोकर, वकील, डॉक्टर यांना एकेकाला बसवून विचारले जाते की त्या वेळी तुम्ही कुठे होता, दाराचा आवाज कोणी ऐकला, दुधाचा पेला वर कोणी नेला, तो नेला तेव्हा भरलेला होता की अर्धा. त्या माणसाच्या शेवटच्या दिवसातली कोणतीही गोष्ट क्षुल्लक मानली जात नाही. आपल्या घरांत याच्या अगदी उलट होते. तिसरा दिवस, दहावा, तेरावा, मृत्यूचा दाखला, बँकेतली वारसनोंद, अशी कामे एकामागून एक अंगावर येतात आणि भेटायला येणारा प्रत्येक जण ‘जे व्हायचे ते झाले, आता पुढे बघा’ असे सांगून उठतो. गेलेल्या माणसाचे शेवटचे आठ दिवस कसे गेले, हे सावकाश बसून कोणी कोणाला विचारत नाही.

ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. ती त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिली होती. त्या वेळी त्या रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या आणि विषांची माहिती त्यांना तिथेच झाली. या प्रकारच्या कादंबऱ्यांना खरा बहर आला तो दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत. ख्रिस्ती यांच्या ब्रिटनमध्ये तेव्हा गावोगावची तरुण मुले युद्धात गेलेली होती. परदेशात पडलेल्या सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत असे सरकारी धोरण असल्यामुळे आईबापांना मुलाचे शेवटचे दर्शनही मिळाले नव्हते. मृत्यू लाखांच्या आकड्यांत मोजले जात होते आणि एकेकाचा हिशेब कोणाकडेच नव्हता. अशा लोकांना एकाच मृत्यूचा अथपासून इतिपर्यंत छडा लावणारी गोष्ट आवडावी, त्यासाठी त्यांनी रात्र जागवावी, यात विकृती नव्हती. त्या गोष्टीत त्यांना न मिळालेले काहीतरी मिळत होते, अशी माझी समजूत आहे, आणि तुमच्या नानांविषयीही मला तेच वाटते.

वयाला शोभेल असे वाचावे, या आग्रहाविषयी एक गोष्ट सांगते. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांनी पुढे संपूर्ण बायबलचे एकहाती इंग्रजी भाषांतर केले, आणि त्याच नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले होते. ते स्वतःही रहस्यकादंबऱ्या लिहीत. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे, भुताखेतांचा आधार घेता कामा नये, गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही दिसला पाहिजे, असे ते नियम आहेत. धर्मग्रंथ आणि रहस्यकथा एकाच मेजावर सुखाने नांदल्याचे हे उदाहरण भावकीतल्या थोरांना सांगायला हरकत नाही.

याच नियमांत नानांच्या वहीचे उत्तर आहे. जे दिलेले आहे त्यावरच उत्तर आले पाहिजे, बाहेरचे काही आणायचे नाही, मधली पायरी गाळायची नाही, हे त्यांनी उभ्या आयुष्यात वर्गात शिकवले. पक्ष म्हणजे जे दिलेले आहे ते, साध्य म्हणजे जे दाखवायचे आहे ते, आणि सिद्धता म्हणजे एकापासून दुसऱ्यापर्यंतची वाट. भूमितीच्या शिक्षकाने रहस्यकादंबरी या मांडणीत उतरवून घ्यावी, हे मला तरी अतिशय स्वाभाविक वाटते. शिवाय हे वाचन आठ महिन्यांपूर्वी सुरू झालेले नाही. लहानपणी नाना माळवदावर कंदील नेऊन बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या आणि काळापहाडच्या कथा वाचत, ही तुमच्या आत्याची आठवण तुम्हीच पत्रात दिली आहे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीला वाचायला लावले. मुख्याध्यापकाच्या हातात असले पुस्तक दिसू नये म्हणून मधली काही वर्षे नानांनी ही आवड बाजूला ठेवली असावी आणि आता ती त्यांच्याकडे परत आली असावी.

एकच कादंबरी तीनदा का वाचावी, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. खुनी कोण हे कळल्यावर पुस्तकात उरले काय, असे तुम्ही लिहिता. पहिल्यांदा वाचताना माणूस कोणी केले हे कळण्यासाठी पाने उलटतो. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा प्रश्न बदलतो. खुनी तर पहिल्या प्रकरणापासून डोळ्यांसमोर वावरत होता, खुणा उघड्यावर पडल्या होत्या, अमुक वाक्य इतके स्पष्ट होते, मग ते माझ्या लक्षात कसे आले नाही? चांगली रहस्यकादंबरी दुसऱ्या वाचनात जास्त रंगते ती यामुळे. लेखिकेने महत्त्वाची गोष्ट चहापाण्याच्या गप्पांत, एखाद्या लांब वाक्याच्या मध्यावर ठेवून दिलेली असते आणि आपली नजर तिच्यावरून घसरून गेलेली असते. ‘हे माझ्या लक्षात कसे आले नाही’ या प्रश्नाचा कादंबरीत आनंद होतो, कारण तिथे खरे कोणी मेलेले नसते. ज्याच्या घरातून माणूस आठ दिवसांत उठून गेले, त्याला हाच प्रश्न रात्री झोपू देत नाही.

नानांनी तीनदा वाचलेली कादंबरी १९३९ ची ‘अँड देन देअर वेअर नन’ असल्याचे तुम्ही कळवले आहे. जगात सर्वाधिक खपलेल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते, आणि १९६५ चा ‘गुमनाम’ हा हिंदी चित्रपट तिच्यावरच बेतलेला होता. शेवट न सांगता तिचा विषय तेवढा सांगते. एका निर्जन बेटावरच्या घरात दहा माणसे येतात, आठ पाहुणे म्हणून आणि दोघे नोकर म्हणून. पहिल्याच रात्री जेवणे झाल्यावर ग्रामोफोनची तबकडी वाजते आणि त्यातला आवाज प्रत्येकावर कोणाच्या ना कोणाच्या मृत्यूचा आरोप ठेवतो. हे मृत्यू असे आहेत की कायद्याला त्यांत हात घालता येत नाही. कोणी दारूच्या नशेत शस्त्रक्रिया केली, कोणी कामाला असलेल्या मुलीला घराबाहेर काढले. त्यानंतर एकेक माणूस मरू लागतो, आणि जेवणाच्या मेजावर ठेवलेल्या दहा छोट्या बाहुल्यांतली एकेक नाहीशी होऊ लागते. उत्कंठेसाठी ही कादंबरी नावाजलेली आहे आणि ते योग्यच आहे, परंतु तिचा गाभा वेगळा आहे. न्यायालयात जी कधी सिद्ध होणार नाही, अशी एखाद्याच्या मरणाची जबाबदारी माणूस मनात कशी वागवतो, याची ती गोष्ट आहे.

आता तुम्ही वहीतून उतरवून पाठवलेले ते पान पुन्हा पाहा. ‘पक्ष’ या मथळ्याखाली तारीख आहे, सकाळी ताप १०१, दुपारी १०२, एका गोळीचे नाव, ‘उद्या बघू’ असे अवतरणचिन्हांत लिहिलेले दोन शब्द, आणि मग नावे. तुमच्या पत्नीला वाटते की नाना घरच्यांवर संशय घेत आहेत. पण नावांचा क्रम तुम्ही लिहून पाठवला आहे, त्यात पहिले नाव नानांचे स्वतःचे आहे. तापाच्या पहिल्या दिवशी घरात आईजवळ ते एकटेच होते, तुम्ही शेतावर होता आणि सूनबाई माहेरी लग्नाला गेल्या होत्या, हेही पत्रात आहे. तेव्हा ‘उद्या बघू’ हे शब्द कोणाचे असावेत, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला करता येईल. ते आईचे असतील तर नानांनी ते ऐकून घेतले, आणि नानांचे असतील तर त्यांनी ते म्हटले. दोन्ही प्रकारे ते शब्द त्यांच्यापाशी अडकून पडले आहेत. ‘साध्य’ कोरे आहे, यात मला धोक्याची खूण दिसत नाही. ज्याने कोणाला दोषी ठरवलेले असते तो साध्य आधी लिहितो. नानांनी अजून काहीच ठरवलेले नाही, कारण त्यांच्याकडे पक्षच अपुरा आहे. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात आईंना हलवल्यानंतरच्या सहा दिवसांची जागा त्या पानावर जवळजवळ मोकळी आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर त्यांना कोणी काही सांगितले नाही, आणि घरी आल्यावर आपण काथ्याकूट नको म्हणून तो विषय मिटवला.

म्हणून माझे मत असे की पुस्तके मुळीच बंद करू नका आणि ग्रंथपालांना काही सांगूही नका. तालुक्याच्या वाचनालयात ७९ वर्षांचा माणूस आठवड्यातून दोनदा स्वतःच्या पायांनी जातो, नोंदवहीत सही करतो, चार शब्द बोलतो, ही त्याच्या दिवसातली धडधाकट गोष्ट आहे. तिच्यावर गदा आणली तर त्यांच्या हातातला एकमेव आधार काढून घेतल्यासारखे होईल.

काथ्याकूट मात्र करा, आणि नीट करा. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी किमान तीन वर्षे जपून ठेवली पाहिजेत, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांच्या आत दिली पाहिजेत, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत म्हटले आहे. तुमच्या हातात अजून वेळ आहे. लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज किंवा मृत्यूचा सारांश, सगळे मागवून घ्या. मग गावातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना गर्दी नसेल अशी वेळ मागा आणि नानांना, त्यांच्या वहीसकट, सोबत घेऊन जा. पहिल्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत काय झाले, कोणते औषध कशासाठी दिले, कोणत्या वेळी प्रकृती हाताबाहेर गेली, हे डॉक्टरांनी ओळीने समजावून सांगावे आणि नानांनी विचारलेला कोणताही प्रश्न थांबवू नये, अशी त्यांना आधी विनंती करून ठेवा. हे भांडणाच्या तयारीने करायचे नाही. कागदांत काही गंभीर हयगय दिसलीच, तर त्याचा विचार स्वतंत्रपणे आणि जाणकारांना विचारून करता येईल.

इथे एक अडचण आहे आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. कादंबरीत शेवटच्या प्रकरणात गुन्हेगार असतोच, त्याशिवाय पुस्तक संपत नाही. आजारात गुन्हेगार असेलच असे नाही, आणि सगळे कागद पाहूनही डॉक्टर ‘नक्की सांगता येत नाही’ असे म्हणू शकतात. त्याहून अवघड म्हणजे नाना विचारतील, ‘एक दिवस आधी नेले असते तर?’ त्याला ‘काही फरक पडला नसता’ असे उत्तर, डॉक्टरांनी खरोखर तसे सांगितल्याशिवाय, तुम्ही देऊ नका. गाळलेली पायरी त्यांच्या लगेच लक्षात येईल आणि मग तुमचा दुसरा कोणताही शब्द ते धरणार नाहीत. फरक पडला असता, असे उत्तर आले तरी ते त्यांच्याबरोबर बसून ऐका आणि त्या दिवशी तुम्ही कुठे होता, तुम्हाला काय कळले होते, काय कळले नव्हते, हे तुमच्या तोंडाने सांगा. त्या यादीत तुमचेही नाव आहे. आरोप म्हणून नसेल, पण साक्षीदार म्हणून आहे, आणि तुमची साक्ष अजून कोणी घेतलेली नाही.

वही न विचारता उघडली, हे आधी सांगून टाका. दुपारच्या चहाच्या वेळी, ढाळजेत दोघेच असताना, ‘नाना, मी तुमची वही पाहिली, विचारायला हवे होते, चुकले’ एवढे म्हणून थांबा. ते रागावतील किंवा गप्प राहतील. गप्प राहिले तर उठून जाऊ नका.

मानसोपचाराविषयीचा प्रश्न तुम्ही विचारलात हे चांगले केलेत. पुस्तके वाचणे आणि वही लिहिणे ही माझ्या मते आजाराची लक्षणे नाहीत. पण नानांनी तीनदा वाचलेल्या त्याच कादंबरीत एक वृद्ध सेनानी आहेत, जे एका टप्प्यावर सगळ्यांपासून दूर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसतात आणि आता सुटका नकोच म्हणतात. नाना असे बोलू लागले, जेवण तुटले, वजन उतरले, पहाटे तीन-चारला उठून बसू लागले, वस्तू किंवा पैसे वाटून टाकू लागले, किंवा वाचनसुद्धा सोडून भिंतीकडे पाहत राहिले, तर मात्र वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, आणि ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य फोन करता येतो, मराठीतून बोलता येते. तिथे घरच्यांनी फोन केला तरी चालतो. ज्यांच्या घरात नुकतेच कोणी जोडीदार गमावला आहे, त्या इतर वाचकांनीही हा क्रमांक लिहून ठेवावा.

पारायणाचे म्हणाल, तर त्यांना कोणीही आग्रह करू नये. चाळीस माणसांसमोर व्यासपीठावर बसण्यासाठी मन थाऱ्यावर असावे लागते आणि ते नाही, एवढेच त्यांनी न बोलता सांगितले आहे. पुढच्या वर्षी जातील किंवा जाणार नाहीत.

शेवटी तुमच्या लेकीविषयी, जिचा उल्लेख तुम्ही तक्रारीच्या सुरात केला आहे. लातूरला नीटच्या शिकवणीला असलेली ही मुलगी सुट्टीत घरी आली की अभ्यास सोडून ‘आजोबा, खुनी कोण?’ म्हणत नानांच्या मागे लागते आणि ते ‘सांगायचे नसते’ म्हणून हसतात, असे तुम्ही लिहिता. या आठ महिन्यांत नाना हसल्याचा तुमच्या पत्रातला हा एकमेव उल्लेख आहे. दिवाळीला ती आली की ती कादंबरी तिच्या हाती द्या. दिवसाला दोन प्रकरणे, त्याहून जास्त नाही, म्हणजे अभ्यासाचीही तक्रार राहणार नाही. रात्री जेवणे झाल्यावर तिने आपला संशय कोणावर आहे ते वहीच्या नव्या पानावर पक्ष, साध्य, सिद्धता अशा रीतीने मांडावे आणि नानांनी लाल पेनाने तपासावे. तुम्हीही सोबत वाचू शकता. फक्त शेवटचे प्रकरण आधी उघडू नका, आणि ‘गुमनाम’ पाहून उत्तर शोधायलाही जाऊ नका.